सुरणाचा युरिया

दिंडोरीजवळच्या आमच्या मळ्यात द्राक्षबागेच्या कडेला वडील दरवर्षी थोडं सुरण लावायचे. त्या वर्षी लावण आटोपली आणि थोड्याच दिवसांत त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. मी नाशिकच्या नोकरीतून रजा काढून आले.

डॉक्टरांनी व्यायामाला रबरी चेंडू दिला होता. वडील त्याला हात लावत नव्हते. "मी काय लहान पोर हाय का?" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. आई समजावून थकली.

पाऊस लागला, सुरणाला पानं फुटली. युरिया द्यायला हवा होता. मी घमेलं घेऊन निघाले तसा मागून वडिलांचा आवाज आला, "खोडाला चिकटून टाकू नको. करपतं."

"मग दाखवा ना, आबा."

काठी टेकत ते बांधापर्यंत आले. मी खुर्ची ठेवली, पण ते बसले नाहीत. मी एका रोपाला युरिया टाकला, ते त्यांना पटेना. "दे इकडं," म्हणत त्यांनी उजवा हात पुढे केला. बोटं मिटेनात. पांढरे दाणे चिखलात सांडले.

"परत घाल," ते म्हणाले.

या वेळी मी त्यांची बोटं माझ्या हाताने मिटवली आणि दोघांच्या हातांनी रोपाभोवती युरियाचं कडं टाकलं. आई मागून पाटीतलं कुजलेलं शेणखत घालत माती ओढत होती. तिने पदराने डोळे टिपले. दुसऱ्या दिवशी वडील माझ्याआधी बांधावर होते.

दुसऱ्यांदा युरिया द्यायच्या वेळी मी शहरात परतले होते. आईचा फोन आला. "एकटेच गेलेत. मला येऊ देत नाय."

"बोटं मिटतात का?"

"निम्मा वाटेत सांडतो," आई हसली. "पण निम्मा पोचतो."

थंडीत पानं पिवळी पडून वाळली, तेव्हा मी सुरण काढायला गेले. कंद मध्यमच निघाले. निघताना वडिलांनी त्यातला बरा बघून माझ्या पिशवीत घातला आणि पिशवीचे बंद बांधायला बसले. गाठ दोनदा सुटली. आई पुढे सरकली, मी तिला खुणेनेच थांबवलं. रस्त्यावरून माझी एसटी निघून गेल्याचा आवाज आला. ते गाठ बांधत होते, मी शेजारी बसून राहिले.