गुरुवारचं विमान

फुटसालची, म्हणजे छोट्या बंदिस्त मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलची, मॅच बघताना आमचे लाइनअण्णा चेंडूकडे बघायचेच नाहीत. कँटीनमध्ये माझ्या मोबाइलभोवती सात-आठ डोकी रेललेली, जपान आणि इराण असे भिडलेले की चहावर साय धरली तरी कुणाला भान नाही, आणि ऐन गोलाच्या वेळी अण्णा माझा खांदा दाबणार, "ए सुधाकर, जरा मागं घे. त्या कोपऱ्यातला पट्टा उचललाय बघ." एकदा पेंटशॉपच्या शिंदेनं वैतागून हातच जोडले. "अण्णा, पाया पडतो, पण गोल बघू द्या!" अण्णा शांतपणे म्हणाले, "गोल काय, कुनी बी मारंल. गोल झाला का न्हाई, ह्ये पट्टाच सांगतो."

अण्णा चाकणच्या आमच्या कंपनीत रंगारी होते. जमिनीवर पिवळे पट्टे मारणं हे त्यांचं काम. माणसांनी कुठून चालायचं, फोर्कलिफ्ट कुठून न्यायची, भरलेल्या ट्रॉल्या कुठं लावायच्या, हे सगळं त्या पट्ट्यांवर चालतं. पण पट्टा मारणाऱ्याचं नाव सहसा कुणाला ठाऊक नसतं. अण्णांचं होतं, कारण स्वतः मारलेल्या पट्ट्यावर ते कधी पाय ठेवत नसत. साठीला टेकलेला माणूस, पण पट्टा आला की ओढा ओलांडावा तसा पाय उचलून पलीकडे. मी धाराशिवहून आलो, काळेवाडीत खोली घेतली, प्लॅनिंगला लागलो आणि पहिल्याच दिवशी फोनवर बोलत बोलत ओल्या पट्ट्यावर बूट उमटवला. आता हा म्हातारा माझा उद्धार करणार म्हणून मी मान खाली घातली. "नवीन हायेस व्हय?" एवढंच विचारून अण्णांनी रोलर माझ्या हातात दिला. "मार आता तूच. उद्यापास्नं बघून चालशील." मी मारलेला पट्टा तिरका झाला. अण्णांनी तो मुद्दाम दोन वर्षं तसाच ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, "ह्यो आमच्या प्लॅनिंग सायबांचा."

त्यांचा हात इतका सरळ कसा, असं एकदा मी विचारलं. त्यांचं गाव कंपनीपासून हाकेच्या अंतरावर, घरी अजून कांदा. "ल्हानपनी दोरी लावून वाफं पाडलं, त्याच्यात आलं सगळं," अण्णा म्हणाले. "तुमचं डिस्पॅच हाय ना, तिथं आमचंच वावर व्हतं. तवा कांद्यासाठी दोरी लावायचो, आता तुमच्या ट्रॉल्यांसाठी लावतो." हे सांगताना त्यांच्या बोलण्यात खंतबिंत काही नव्हती. उलट डिस्पॅचच्या पोरांना ते अधूनमधून दम द्यायचे, की आमच्या वावरात पान खाऊन थुंकू नका.

तर या माणसाला फुटसालचं वेड लागलं कसं? गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी काही ट्रेनी मुलं मागच्या रिकाम्या शेडमध्ये चेंडू लाथाडायची आणि दर गुरुवारी आउट होता की आत होता यावरून एकमेकांच्या गचांड्या धरायची. साहेबांनी शेवटी अण्णांना सांगितलं, तिथं काय ते मैदान आखून टाका. माप कुणालाच माहीत नव्हतं. मग मी आशियाई देशांच्या फुटसाल स्पर्धेची एक मॅच मोबाइलवर लावून त्यांच्यापुढं धरली. ते गुळगुळीत मैदान, त्यावरचे ते पट्टे... अण्णा बघतच राहिले. "आरारारा! ह्ये कुनी मारलंय?" मॅच कुणाची आहे हे त्यांनी विचारलंच नाही. चाळीस मीटर लांब, वीस मीटर रुंद, आठ सेंटिमीटरचा पट्टा. गोलपुढचा अर्धगोल काढायला खांबाच्या बुडाशी दोरी धरून सहा मीटरवरून फिरवायची. अण्णांनी ते काम दोन गुरुवार घेऊन केलं, ओव्हरटाइम न लावता. तेव्हापासून शेडमधली भांडणं थांबली म्हणजे अगदी थांबली असं नाही, पण आता दोन्ही बाजू अण्णांकडे बघायच्या आणि अण्णा पट्ट्याकडे बोट करायचे.

मैदानावर त्यांचे कायदे कडक. काळ्या तळव्याचा बूट घालून कुणी आत आला की खेळ बंद. मॅच संपली की गुडघ्यावर बसून पट्ट्यावरचे डाग ओल्या फडक्यानं पुसायचे. आशियाई स्पर्धा आली की मात्र ते लहान मूल व्हायचे. "आज कुनाची हाय रं?" असं दहा वेळा विचारायचे. आपला भारत पात्रता फेरीतच अडकायचा, मुख्य स्पर्धेत नसायचा. शिंदेनं एकदा डिवचलं, "आपली टीम नाही, मग तुम्ही कुणाच्या बाजूनं?" अण्णा म्हणाले, "पट्ट्याच्या." मग जरा वेळानं स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आपली बी येतील. आधी जागोजागी मैदानं आखाय पायजेत."

रिटायर व्हायला थोडे दिवस राहिले तेव्हा अण्णांनी मला पार्किंगमध्ये गाठलं. खिशातून कोरा करकरीत पासपोर्ट काढला. "सुधाकर, यंदाची स्पर्धा आखातात हाय. आपल्याला जायाचंय. मोबाइलात पट्टा नीट दिसत न्हाई बाबा. एकदा कडंला उभं राहून बघायचाय." मी हसलो, पण ते हसत नव्हते. जन्मभर दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून जमिनीवर ओणवं होऊन काम केलेल्या माणसाला स्वतःसाठी एवढंच पाहिजे होतं. काकूंनी घर डोक्यावर घेतलं होतं. "लोकं रिटायर झाल्यावर देवाला जात्यात, ह्ये चाललं पट्टं बघाय!" पण ट्रॉलीबॅग आणून ठेवली ती काकूंनीच.

तिकीट काढायचं काम माझ्याकडे आलं. सेमीफायनल शुक्रवारी संध्याकाळी, फायनल रविवारी. "गुरुवारची सुट्टीच हाय," अण्णा म्हणाले, "दुपारी घरी जेवून निघू." मी बघितलं तर मुंबईहून विमान होतं: गुरुवार, रात्री बारा पन्नास. वा! गुरुवारी दुपारी निघायचं, संध्याकाळी विमानतळ, रात्री विमान. काढून टाकलं अण्णांचं तिकीट. त्याची मोठी प्रिंट शिंदेनं नोटीस बोर्डावर लावली. गेटवरच्या वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी ती वाचली आणि अण्णांच्या पाठीवर थाप मारली.

गुरुवारी दुपारी आम्ही पंधरा-वीस जण अण्णांच्या घरी. साहेबही आले होते. मासवडी, रस्सा, बाजरीची भाकरी, अण्णांच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट, कपाळाला कुंकू. त्यांची सून बँकेत कामाला. पासपोर्ट आणि तिकीट एका पाकिटात घालताना तिनं तिकिटावर नजर टाकली आणि तिथंच थबकली. "सुधाकरभाऊ, हे बारा पन्नास म्हणजे रात्रीचे ना?"

"हो, आज रात्रीचे."

"अहो, बारा वाजले की शुक्रवार लागतो. गुरुवारचे बारा पन्नास म्हणजे काल रात्रीचे. हे विमान गेलं."

आता तुम्ही म्हणाल, एवढं साधं कुणालाच कसं कळलं नाही? पण कारखान्यात दिवस रात्री बाराला बदलत नाही, सकाळी सातला बदलतो. मंगळवारची थर्ड शिफ्ट मंगळवारी रात्री बाराला लागते, बुधवारी सकाळी सातला सुटते, आणि त्यातला सगळा माल मंगळवारच्याच तारखेला चढतो. वर्षानुवर्षं तेच बघून आमची डोकी तशीच झालेली. अख्ख्या कंपनीनं ते तिकीट दोन आठवडे वाचलं आणि प्रत्येकाला ते बरोबरच वाटलं. अण्णा काल रात्री आपल्या घरात घोरत पडले होते तेव्हा त्यांची खुर्ची रिकामीच उडून गेली होती.

साहेबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "सुधाकर, डिस्पॅचच्या तारखा पण तूच लावतोस ना?" आवाज थट्टेचा होता, डोळे नव्हते. पुढच्याच आठवड्यात माझ्या प्रमोशनचा निर्णय होता. बोर्डावरची प्रिंट साहेबांनीही वाचली होती, पण हे त्यांना सांगणार कोण? मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "न्हाई सायेब. त्यो बिचारा बुधवार बुधवार म्हनत हुता. मीच हट्ट धरला, का गुरुवारच टाक म्हनून. माझी चूक हाय."

साफ खोटं. मी बुधवारचं नावही काढलं नव्हतं. आणि मी काय केलं? मूग गिळून गप्प बसलो. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण तिथून उठलो तो फोनला चिकटलोच. विमान कंपनी, एजंट, पिंपरी कँपातला एक ओळखीचा तिकीटवाला. सगळ्यांच्या मागं लागून शनिवारी सकाळचं, मध्ये एका ठिकाणी बदलायचं असं तिकीट मिळवलं. वेळ तीन-तीनदा सुनेकडून तपासून घेतली. सेमीफायनल हुकली ती हुकली, निदान फायनल तरी. विमानतळावर अण्णांना सोडताना मी म्हणालो, "अण्णा, माफ करा." तर म्हणाले, "येडा हायेस का? रविवारी फोन जवळ ठेव."

रविवारी संध्याकाळी काळेवाडीत माझ्या खोलीवर आम्ही सगळे जमलो. व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर नुसती जमीन. निळंशार मैदान आणि त्यावर पांढराशुभ्र पट्टा, इतका जवळून की बाकी काहीच दिसेना. मागं हजारो माणसांचा गलका. "अण्णा, मॅच दाखवा, मॅच!" शिंदे किंचाळला. फोन हलला आणि अण्णांचा चेहरा दिसला. गाल ओले. "पयला हाफ मला दिसलाच न्हाई रं," ते म्हणाले, "डोळं सारखं भरून येत हुतं. आता दुसरा बघतो. ठेवतो." आणि खरंच ठेवला. आम्ही कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. शिंदे उठून उगाच पंखा लावायला गेला, तो चालूच होता.

परत आल्यावर कोण जिंकलं असं विचारलं तर अण्णा अडखळले. "थांब, पाटीवर लिहिल्यालं बघितलं हुतं..." पण पट्टा पुरा आठ सेंटिमीटर आहे, हे त्यांनी बोटांनी मोजून आणलं होतं. मॅच संपल्यावर तिथल्या एका सफाईवाल्याला खुणा करून परवानगी घेतली आणि गुडघ्यावर बसले म्हणे. तो सफाईवालाही शेजारी बसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी हरवलंय.

अण्णांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला घरी जेवायला नेलं. माझं प्रमोशन झालं होतं. काकू वाढता वाढता म्हणाल्या, "बघा की, ह्यांनी तारीख चुकवली आन् तुमची केवढी पळापळ झाली. वर आमची सेमीफायनल बुडली. जल्मभर ऐकवनार हाय मी ह्यांना." अण्णा हात धुवायला उठले तसा मी मागोमाग मोरीपाशी गेलो. म्हणालो, "अण्णा, बास झालं. काकूंना खरं सांगतो मी."

अण्णांनी नळ सोडला, सावकाश हात चोळले. "गप ऱ्हा. माझा गेटपास आज जमा झालाय. आता माझ्या नावावर चूक आसली काय न् नसली काय. तुला अजून वीस वर्सं त्या गेटातनं आत जायाचंय."

माझं पुढलं सगळं त्या एका खोट्यावर उभं आहे. अण्णांना गुडघ्यामुळे आता फार चालवत नाही. ओट्यावर बसून मोबाइलवर मॅच बघतात, आणि काकू शेजारी बसून अजून तारखेवरून टोमणे मारतात. महिन्यातून एकदा मी जातो, ते ऐकतो आणि अण्णा मला डोळ्यांनी दटावतात. म्हणून हे इथं लिहितोय. काकू, तारीख अण्णांची चुकली नव्हती, माझी चुकली होती. आता त्यांना काही बोलू नका. बोलायचं ते मला बोला, मी येत्या गुरुवारी दुपारी येतोय.