वॉकरला बांधलेली वाळूची पिशवी

माझी भावजय कुमुशाय स्वस्थ बसलेली मी कधी पाहिलीच नाही. नारीन शहरातल्या दुरुस्ती केंद्रात ती वॉकर आणि चाकाच्या खुर्च्या नीट करते, आणि घरीही तिच्या खिशात पाना असतोच. "वन्सं, तुमचं टेबल डुगडुगतंय," म्हणत माझ्याकडे पाहुणी आली तरी खाली वाकणार. आता अशा बाईला काय म्हणावं?

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. उजव्या हातातला जोर गेला, वाचाही गेली. जेवणानंतरचा आशीर्वाद देण्याचा मान आमच्या वाडीत त्यांचा होता. एका लग्नात मात्र तो आशीर्वाद सोपोक आजोबांनी दिला आणि बाबा सगळ्यांदेखत रडले. आम्हाला ते बघवेना. म्हणून कुमुशायने त्यांच्या वॉकरवर टॅब बसवला. चित्र दाबलं की तो बोलतो. आवाज माझ्या भावाचा. मॉस्कोत बांधकामावर असतो, तिथून बायकोला एकेक शब्द बोलून पाठवला त्याने.

तिला टॅब मधल्या दांडीवर, खाली हवा होता. बाबांनी मान हलवून हट्ट धरला, की वर, डाव्या अंगाला, तोंडासमोर. वाकून कसला आशीर्वाद!

"बाबा, वॉकर डावीकडे कलंडेल," ती म्हणाली.

ऐकतील तर शपथ. शेवटी तिने उजव्या बाजूला वाळूची पिशवी बांधली, आणि तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला.

शेजारच्या बुरमाकान काकूंच्या पणतवाला पाळण्यात घालायचं जेवण होतं. कुमुशाय धड जेवेना. सारखी उठून वॉकरचे स्क्रू चाचपायची.

"अगं, तो काय पळून जातोय?" मी म्हटलं.

"पळू दे वन्सं, पडायला नको."

जेवणं झाली. काकू पाहुण्यांच्या हाती मांस आणि कणकेचे बोर्सोक घातलेल्या पिशव्या देत फिरू लागल्या. आमच्याकडे रिकाम्या हाताने कुणाला जाऊ देत नाहीत. कुमुशाय समोवार उचलू लागायला आत गेली होती. वॉकरला पिशवी दिसताच काकूंना वाटलं, खाऊ न्यायला बाबांनी ती घरूनच आणलीय. आत वाळू बघून त्या हसल्या, "पोरांचे उद्योग!" आणि ती झाडाखाली ओतून पिशवीत बोर्सोक भरले. तळलेले, फुगलेले, वजनाला काहीच नाहीत.

बाबा उठले. आशीर्वाद घ्यायला सगळ्यांनी तळवे पसरले. बाबांनी टॅबकडे हात नेला आणि वॉकर डावीकडे कलला. दारातून कुमुशाय धावली आणि तिने बाबांना कवेत धरलं.

"बसा, बसा. सोपोक आजोबा देतील आशीर्वाद," कुणीतरी म्हणालं.

बाबांचे ओठ थरथरू लागले.

"हात खाली घेऊ नका कुणी," कुमुशाय म्हणाली. सून, आणि एवढ्या वडीलधाऱ्यांना हुकूम! पण कुणी हात खाली घेतला नाही. बाबांना माझ्या स्वाधीन करून ती जमिनीवर बसली, पिशवी सोडली, टॅब काढला आणि मधल्या दांडीवर, खाली घट्ट आवळला. वॉकर हलवून पाहिला. पुन्हा हलवून पाहिला. मग बाजूला झाली.

बाबा वाकले. भावाच्या आवाजात आशीर्वाद अंगणभर ऐकू आला, आणि सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले.

कुमुशाय पुन्हा स्क्रूकडे निघाली होती. बाबांनी तिच्याकडे बघत आणखी दोन चित्रं दाबली.

"बस," टॅबमधून तिचा नवरा म्हणाला. "चहा."

ती मटकन खाली बसली आणि डोक्यावरच्या रुमालाआड तोंड लपवून रडली. चहा मी ओतला.