टोचली का सुई?

सौंसरच्या स्टँडवरून नागपूरची बस सुटायला आली, तरी आई खिडकीखालून बोलतच होती. "सुया टोचाले शिकाले इतक्या दूर काहून चालली वो? लोधीखेड्याचा कंपाउंडर मेला का?" सगळी बस हसली. मीही हसले. पण खिडकीला धरलेला तिचा उजवा हात मला दिसत होता. कापूस वेचून वेचून तो बधिर पडायचा, हातातला तांब्या सुटायचा. त्या हातासाठीच मी जपानला निघाले होते आणि हे तिला सांगायची हिंमत होत नव्हती.

ओसाकातले आमचे सेन्सेई, म्हणजे गुरुजी, अंध आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, की सुईची विद्या, म्हणजे ॲक्युपंक्चर, चीनमधून आली, पण सुई बारीक आणि हात हलका झाला तो जपानात. सतराव्या शतकात एका अंध शिष्याला सुई नीट टोचता येईना, म्हणून गुरूने त्याला हाकलून दिलं, असं सांगतात. त्यानेच पुढे नळीतून सुई घालायची रीत बसवली, अंधांसाठी शाळा काढल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अंमलात ही विद्या बंद पडायची वेळ आली, तेव्हा अंध वैद्यही तिच्यासाठी भांडले. माझ्या डोक्यात मात्र 'हाकलून दिलं' एवढंच राहिलं.

कारण माझा हात जड. लहानपणापासून आईचे पाय चेपलेले. "जोर लाव ना, जेवली नाही का?" हेच माझं शिक्षण. इथे आधी बोटांनी त्वचा चाचपायची, तीही अलगद. सेन्सेई माझ्या मनगटाला हात लावून म्हणायचे, "अजून जड." परत पाठवतील या धास्तीने मी स्वतःच्याच मांडीची चाळण केली. सुई गेल्याचं न कळून एका पेशंटने "टोचली का?" असं विचारलं, तेव्हा कुठे ते हसले.

परवाना मिळाल्यावर यंदा रामाकोन्याला घरी गेले. आईच्या उजव्या हातात सुई घातली. ती दाराकडे बघत शेजारणीशी बोलून राहिली होती. मग वळून म्हणाली, "टोचली का सुई?"

माझा हात हलका झाला होता, की तिचा हात मेला होता? डाव्या, चांगल्या हातात एक सुई घातली असती तर लगेच कळलं असतं.

सोमवारी तिची नागपूरला तपासणी आहे. फोनवर ती म्हणते, "बरी आहो मी. तू तुयं काम कर." गाव सोडून आलेल्यांना हे कळेल. इथे ओसाकात मी परवानाधारक बाई आहे, लोक भरवशाने हात पुढे करतात. घर म्हणजे ती एकच जागा, जिथे डाव्या हातात सुई घालायचा मला धीर झाला नाही.