कार्डवरून नंबर मिळाला

पप्पांच्या दुकानात कटिंग मशीनखाली संध्याकाळपर्यंत कागदाच्या पांढऱ्या पट्ट्यांची रास जमते. मुद्दाम कोणी जमवत नाही, कार्डं कापली की आपोआप होते. किश्शांचंही तसंच. माणसं व्हिजिटिंग कार्ड छापायला येतात, कार्डं घेऊन जातात, आणि त्यांच्या बोलण्यातलं काहीबाही आमच्याकडे पडून राहतं. मी वर्गात फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे तर फारच साठलंय. मैत्रीण म्हणाली, "बोलवत नाही ना? मग लिही!" म्हणून लिहितेय.

दुकान नाशिकमध्ये शालीमारजवळच्या एका गल्लीत आहे. शाळा सुटली की मी तिथे जाते. काउंटरच्या आत, कॉम्प्युटरशेजारी माझं स्टूल. मी तिथे बसून अभ्यास करते असं पप्पांना वाटतं.

दुकानाचा एक नियम आहे. कार्डाचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तयार झाला की त्यावरचा नंबर दुकानातल्या फोनवरून लावून बघायचा. गिऱ्हाइकाच्या खिशात रिंग वाजली तरच छपाई. हे काम माझ्याकडे आहे, कारण त्यामुळे माझा बुजरेपणा जाईल अशी पप्पांना आशा आहे. कोणी फोन उचललाच तर म्हणायचं वाक्यही त्यांनी ठरवून दिलंय, "नमस्कार, कार्डवरून नंबर मिळाला."

मी ते इतक्या हळू म्हणते की बहुतेक जण म्हणतात, "हॅलो? आवाज येत नाही!"

*

हा नियम आला एका केटरिंगवाल्या काकांमुळे. त्यांच्या कार्डावर नंबरातला एक आकडा चुकला आणि तो नंबर निघाला देवळालीच्या एका आजींचा. आजींना जिलेबीच्या ऑर्डरी यायला लागल्या. "शंभर माणसांना मठ्ठा किती लागेल?" असं लोक भरदुपारी विचारायचे.

चूक कळल्यावर केटरिंगवाले काका मिठाईचा पुडा घेऊन आजींची माफी मागायला गेले. पप्पाही बरोबर होते. आजी रागावतील म्हणून दोघं दाराशीच उभे.

आजींनी चष्मा लावला, काकांना नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलात. पुढच्या रविवारचं लग्न घेतलंय मी. जमेल ना तुम्हाला?"

*

नियमामुळे माझ्या लक्षात राहिल्या त्या रंजनामावशी. त्या मखमलाबादकडच्या. त्यांच्या घरची शेवंती आणि झेंडू आहे. फुलं काढून बाजारात नेऊन द्यायची, एवढंच त्यांना वर्षानुवर्षं माहीत. मग एका लॉन्सवरच्या लग्नात त्यांनी पाहिलं की आपलीच शेवंती मधल्या कोणा व्यापाऱ्याकडून आणून स्टेजला लावलीय आणि ती अर्धी सुकलेली आहे. दुसऱ्या दिवशी त्या थेट त्या लॉन्सच्या मॅनेजरकडे गेल्या. म्हणाल्या, "फुलं मीच देते की ताजी. सजावटपण आम्ही बाया करू."

मॅनेजरने विचारलं, "कार्ड आहे का तुमचं? कार्ड घेऊन या, मग बोलू."

म्हणून त्या आमच्याकडे. लग्नसराई सुरू व्हायच्या आत त्यांना त्या लॉन्सचं काम मिळवायचं होतं. कार्डावर त्यांनी नवऱ्याचं नाव सांगितलं, संपतराव, आणि नंबरही त्यांचाच. पप्पा म्हणाले, "ताई, धंदा तुमचा ना?"

"व्हय. पण बाईचं नाव बघून कोण फोन करील?"

प्रूफ निघालं. मी नंबर लावला. पप्पांनी स्पीकर चालू केला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज.

"नमस्कार, कार्डवरून नंबर मिळाला," मी म्हणाले.

"कोन? कसलं कार्ड?"

"फुलांचं," पप्पा मदतीला आले. "सजावटीची ऑर्डर द्यायची होती."

"फुलांचं मला काय माहीत! ते बायको बघती. आन् ती घरी नाय, कार्ड छापायला गेलीय. रॉंग नंबर!"

फोन बंद. दुकानातले सगळे हसले. रंजनामावशीपण हसल्या, पण पदर तोंडाशी घेऊन. मग प्रूफ घडी करून पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "इचार करून येते."

*

एक प्लंबरदादा आले होते. नावापेक्षा मोठ्या लाल अक्षरांत त्यांना हवं होतं, '२४ तास सेवा'. रंग तीनदा बदलून घेतला. "लाल म्हणजे कसा, पाइप फुटल्यासारखा दिसला पाहिजे!"

मी नंबर लावला. फोन बंद आहे, असं रेकॉर्डवरची बाई सांगत राहिली.

दादांनी खिशातून मोबाइल काढला. काळा ठिक्कर. "अहो, सकाळपासून चार्जिंगच नाही केलं," ते म्हणाले.

पप्पांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "मग तेवीस करू का?"

*

पंचवटीतले एक गुरुजी आहेत. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी करतात. घराण्यात हेच काम पिढ्यान्‌पिढ्या. त्यांचं कार्ड करताना पप्पांनी त्यांचं नाव वर मोठं टाकलं आणि आजोबांचं खाली बारीक.

गुरुजींनी मान हलवली. "उलटं करा. आजोबांचं मोठं, माझं बारीक."

"पण गुरुजी, भेटणार तर तुम्ही ना?"

"यजमान लांबून येतो. त्याच्या घरी वडिलांनी सांगितलेलं असतं की नाशिकला गेलास की अमक्यांकडे जा. ते अमके म्हणजे आजोबा. माझं नाव घाटावर कोणी विचारत नाही हो."

मी नंबर लावला. रिंग वाजली. गुरुजी समोर उभे होते तरी त्यांनी फोन कानाला लावला. मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी लगेच आजोबांचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "हो, मीच बोलतोय."

*

सातपूरच्या एका दादांनी घराच्या मागच्या खोलीत मशीन टाकलं होतं. छोटे सुटे भाग बनवायचे आणि सिन्नरच्या कारखान्यांना द्यायचे, असा बेत. कार्डावर 'मॅनेजिंग डायरेक्टर' हवं होतं. शिवाय मोबाइलच्या वर ऑफिसचा नंबर. "लँडलाइन असली की पार्टीला वाटतं, मागे काहीतरी मोठं आहे."

मी ऑफिसचा नंबर लावला. एका बाईंनी उचलला.

"बाळू नाहीये. दळण आणायला पाठवलाय."

दादा लालबुंद झाले. घरी जाऊन त्यांनी आईला शिकवलं. फोन आला की आधी कंपनीचं नाव घ्यायचं आणि म्हणायचं, "सर मीटिंगमध्ये आहेत." आईंनी बिचाऱ्यांनी पाठ केलं.

पुढे ते पुन्हा कार्डं न्यायला आले तेव्हा त्यांनीच सांगितलं. सिन्नरहून खरंच एका मोठ्या साहेबांचा फोन आला, सकाळी लवकर. आईंनी कंपनीचं नाव बरोबर घेतलं. साहेबांनी विचारलं, "माल वेळेवर मिळेल ना?" तेव्हा मात्र त्या पाठ केलेलं सगळं विसरल्या.

"मिळेल तर! थांबा, त्याला आत्ता उठवते."

"मग?" पप्पांनी विचारलं.

"मग काय काका, ऑर्डर मिळाली. साहेब म्हणाले, तुमच्या ऑफिसमध्ये कामं पटापट होतात!"

*

रंजनामावशी परत आल्या. या वेळी त्यांनी प्रूफ पप्पांसमोर ठेवलं आणि नवऱ्याच्या नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काढा. माझं टाका. नंबरपन माझा."

मी नंबर लावला. त्यांच्या पिशवीत, कोथिंबिरीच्या जुडीखाली, फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढून कानाला लावला. आमच्यात फक्त काउंटर होतं.

"नमस्कार, कार्डवरून नंबर मिळाला," मी म्हणाले.

त्या एकदम ताठ झाल्या. "हां, बोला. मी रंजना बोलते. कोनती फुलं पायजेत?"

मी प्रूफच्या कोपऱ्यातलं फूल बघितलं. मग म्हणाले, "शेवंती."

"देते की!" त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी हसलो.

*

एक आजोबा रिटायर झाल्यावर कार्ड करायला आले. लग्नाकार्यात कोणी भेटलं की खिशातून कार्ड काढून देतं, आणि यांचा हात रिकामाच. "उगाच खिसे चाचपतो हो मी," ते म्हणाले.

नाव झालं, पत्ता झाला. नावाखाली काय टाकायचं, तिथे अडलं. 'निवृत्त' त्यांना नको होतं. जुनं पद आता लिहिता येत नव्हतं. ते एकेक शब्द सुचवून स्वतःच खोडत राहिले. तोपर्यंत नंबर तपासून घ्यावा म्हणून मी घरचा फोन लावला. आजींनी उचलला. आजोबांनी माझ्याकडून फोन घेऊन त्यांनाच विचारलं, "अगं, नावाखाली काय लिहू? मी काय करतो?"

आजींचा आवाज मला इथपर्यंत ऐकू आला. "चार वाजता चहा पिता. तेच लिहा!"

आजोबांनी खरंच लिहिलं. नाव, आणि खाली, 'दुपारी चार वाजता घरी असतो. चहाला या.'

नंतर एकदा आजी स्वतः दुकानात आल्या. "यांच्या कार्डाचं ते कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलंय ना तुम्ही?" पप्पा हो म्हणाले. "मग पुसून टाका," आजी म्हणाल्या. "रोज दुप्पट दूध लागतंय!"

म्हणाल्या रागाने, पण जाताना चार कार्डं स्वतःच्या पर्समध्ये टाकून गेल्या.

*

लग्नसराई तोंडावर आली आणि रंजनामावशी पुन्हा दुकानात. या वेळी हसत नव्हत्या. कार्ड दिलं होतं. मॅनेजरने ते टेबलावरच्या काचेखाली सरकवलं होतं, बाकीच्या कार्डांच्या गर्दीत. पण फोन काही येत नव्हता.

"भाऊ, कार्डात काय चूक तर नाय ना? का नाव बाईचं हाय म्हनून?"

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या कार्डावर बघून, एकेक आकडा दाबत, नंबर लावला. पिशवीत रिंग वाजली. त्यांनी फोन नुसता हातात धरला आणि वाजू दिला.

"चालू हाय की," त्या हळूच म्हणाल्या. माझ्याहूनही हळू.

"ताई, फोन जवळ ठेवा," पप्पा म्हणाले. त्या गेल्यावर त्यांनी बराच वेळ मशीन सुरू केलं नाही.

*

मग एका संध्याकाळी त्या आल्या त्या शेवंतीचा मोठा गुच्छ घेऊन. तो त्यांनी सरळ माझ्या वहीवर ठेवला.

त्या लॉन्सचा नेहमीचा डेकोरेटर ऐन लग्नाच्या सकाळी आलाच नव्हता. मॅनेजरने काचेखालची कार्डं काढली आणि एकेक नंबर लावायला घेतला. पहिला बंद. दुसरीकडे कोणी उचलेना. तिसरीकडे म्हणे, सर झोपलेत, नंतर करा.

"आन् माझा फोन तर पदराला बांधलेला! पहिल्या रिंगलाच उचलला. साहेब इतकं दचकलं की बोलायचंच इसरलं. मग म्हनलं, मोगरा आहे का? मी म्हनलं मोगरा नाय, खोटं कशाला सांगू. शेवंती हाय, अजून झाडावर हाय. तोडू का?"

संध्याकाळपर्यंत स्टेज पिवळं-पांढरं झालं. मॅनेजरने या सीझनची सगळी लग्नं त्यांना दिली. कार्ड आता गर्दीत नव्हतं. काचेखाली, पण मधोमध, एकटं होतं, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

*

आणि हा मागच्याच आठवड्यातला.

रंजनामावशी आल्या, बरोबर एक उंच, रापलेले काका. टोपी हातात घेऊन दाराशीच उभे. आवाज ऐकल्याशिवाय मला ओळख पटली नसती, पण मावशी म्हणाल्या, "हे आमचे मालक. ह्यांना कार्ड पायजे."

ट्रॅक्टरवाले संपतकाका! आता ते टेम्पोतून फुलं लॉन्सवर पोचवायचे. गेटवरचा वॉचमन त्यांना रोज अडवायचा.

"मी म्हनलं, मालक हाय मी," काका खाली बघत म्हणाले. "तर तो हिचं कार्ड काढून दाखवतो. म्हनतो, मालक तर ह्या मॅडम आहेत. तू कोन?"

पप्पांनी हसू दाबलं. मावशींसारखंच कार्ड, तोच रंग, कोपऱ्यात तेच फूल. नाव संपतराव. खाली काय टाकायचं विचारल्यावर काका म्हणाले, "टाका काहीपन. गेट उघडलं म्हंजे झालं."

"आणि नंबर?"

"तिचाच टाका. माझ्या फोनवर कोन काय इचारनार!"

प्रूफ निघालं. नियम म्हणजे नियम. मी नंबर लावला. मावशींच्या पदराच्या गाठीत फोन वाजला. त्यांनी सावकाश गाठ सोडली, कानाला लावला. काका त्यांना अगदी खेटून उभे होते, टोपी दोन्ही हातांत धरून.

मी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हणाले, "नमस्कार, कार्डवरून नंबर मिळाला. संपतराव आहेत का?"

मावशींनी एकदा नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हायेत," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "पन कामात हायेत. काय निरोप असंल तो मला सांगा."