रेवसच्या लाँचवर भेटलेली मावशी

गिरण्यांचा संप सुरू झाल्यानंतरची दुसरी दिवाळी होऊन गेली होती. लालबागच्या आमच्या चाळीत भोंगा ऐकू येईनासा झाला, तरी माणसं सवयीने पहाटे जागी व्हायची आणि करायला काही नसल्यामुळे गॅलरीत नुसती उभी राहायची. आमचे हेही तसेच उभे असत. गिरणीच्या साचेखात्यात, मागावर, वाकबगार म्हणून त्यांचं नाव होतं, पण त्या दिवसांत घरात त्यांचे चार शब्दसुद्धा ऐकू येत नव्हते. मी देवीपुढे हात जोडणं सोडलं होतं. शेजारणींना वाटे कामाच्या रगाड्यात राहून जात असेल. खरं म्हणजे मी तिच्याशी अबोलाच धरला होता. इतकी वर्षं हाक मारली तेव्हा जिला ऐकू आलं नाही, तिला आणखी काय सांगायचं?

शेवटी मला गिरगावात एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना सांभाळायचं काम मिळालं. तिथेच राहायचं, पंधरा दिवसांनी एक रविवार घरी. ह्यांनाही दूर कुठेतरी राखणदारी मिळाली होती. मुलांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. मंदा सहा वर्षांची, बाळू जेमतेम साडेतीन. अलिबागकडे माझं माहेर. दादा म्हणाला, माझ्याकडे आणून सोड. मुलांना मी सांगितलं की मामाकडे चार दिवस मजा करायला जायचंय. त्यांना ठेवून मी एकटी परतणार, हे सांगायला जीभ रेटेना.

भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरली. दीड तासाचा प्रवास. मी मनाशी ठरवलं होतं की दोघांना इतकं रमवायचं की काही विचारायला त्यांना उसंतच मिळू नये. आधी उभ्या असलेल्या बोटी मोजल्या. मग वर्तमानपत्राच्या कागदाची टोपी केली, तिचीच होडी केली. भुईमुगाच्या शेंगा एकेक करून सोलून दिल्या. अर्धी वाट सरायच्या आत माझ्याजवळचं सगळं संपलं. वारा वाढला, लाँच हेलकावे खाऊ लागली, बाळू ओकला आणि रडायला लागला. मंदा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, पण तिची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. मी तोंड फिरवून पाण्याकडे बघत बसले.

समोर एक वयस्कर कोळीण बसली होती. धक्क्यावर मासळी विकून रिकाम्या टोपल्या घेऊन घरी निघाली असावी. तिने बाळूला पदराच्या टोकाने पुसलं, मांडीवर ओढलं आणि काही ओळखपाळख नसताना दोघांची बोटं आपल्या टोपलीच्या कडेवर ठेवायला लावली. "चिऊ उड," ती म्हणाली. बोटं वर गेली. "काऊ उड. पापलेट उड." बाळूचं बोट वर गेलं आणि ती इतकी खदखदून हसली की तो रडणं विसरला. बोंबील उडाला, खेकडा उडाला, लाँचचा तांडेल उडाला. मग बाळू म्हणाला, आता मी सांगणार. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "आई उड."

मंदाने बोट वर केलं.

बाळू टाळ्या पिटत ओरडला की ताई हरली. मंदा खाली बघत होती. बोट तसंच वर ठेवून ती हळूच म्हणाली, "उडते. आपल्याला ठेवून जाणार आहे ती."

चाळीच्या खोलीत रात्री आम्ही दोघं कुजबुजत बोललो होतो, ते सगळं तिने ऐकलं होतं. इतके दिवस ती मला काही कळू न देता भावाला खेळवत होती.

त्या कोळीण मावशीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच मला ती सोसवेना. मी खालच्या आवाजात तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली की तिचा दादला दर्यात बुडाला तेव्हा तिनेही पोराला बहिणीकडे ठेवलं होतं, सांजच्याला येते असं सांगून. न्यायला गेली ती दोन वर्षांनी. "आता तो बाप्या झालाय, त्याला पोरं झालीत," ती म्हणाली, "पन माझ्या शब्दावर भरवसा नाय ठेवीत. ठेवायला लागतंय तर ठेव गो बाय. पन खोटं सांगून नको ठेवू. बाकीचं आईवर सोड." आई म्हणजे तिची देवी. तसं बोलताना तिने डोळे मिटून हात जोडले.

रेवसला उतरल्यावर मी धक्क्याच्या पायरीवर दोघांना जवळ घेऊन खरं सांगितलं. किती दिवस ते मलाच माहीत नाही, पण न्यायला येईन, हेही सांगितलं. बाळू हातपाय आपटून रडला. मंदा रडली नाही, तिने फक्त विचारलं, "नक्की ना?" मी हो म्हटलं. मागे वळून पाहिलं तेव्हा मावशी टोपल्या घेऊन निघून गेली होती. तिचं नाव विचारायचं राहिलंच.

चार दिवसांचे चौदा महिने झाले. सुटीच्या एका रविवारात मुलांकडे जाऊन यायला ना वेळ पुरे, ना पैसे. गिरणी सुरू झाली, पण ह्यांना परत घेतलं नाही. ते त्यातून पुढेही कधी पुरते सावरले नाहीत. मी न्यायला गेले तेव्हा बाळू वहिनीला आई म्हणत होता. मला पाहून तो तिच्यामागे लपला. दारात उभी होते तिथेच मी खाली बसले. तेवढ्यात मंदा आली, तिने त्याचा हात धरून त्याला माझ्यापुढे उभं केलं आणि म्हणाली, "ही आपली आई. सांगून गेली होती."

त्या मावशीला मी पुढे धक्क्यावर, भोईवाड्याच्या बाजारात, जिथे जिथे कोळिणी बसतात तिथे शोधलं. भेटली नाही. वहिनी म्हणते, ती देवीच होती. असेल. मला एवढंच ठाऊक आहे की अबोला मी धरला होता, तिने धरला नव्हता. आता देवीपुढे बसते तेव्हा काही मागत नाही. जे असेल ते खरं खरं सांगते, आणि पुढचं तिच्या ओटीत घालून उठते.