अजितची गंमत

अजित गेला तेव्हा मी सिंगापुरात, जुरोंग ईस्टच्या हॉकर सेंटरमधल्या एका खाण्याच्या गाळ्यावर त्याच्यासाठी तांदळाचं पॉरिज बांधून घेत होते. आजारपणात त्याला तेवढंच जायचं. सकाळी मी घरी पेज केली होती. एक चमचा तोंडात घेऊन तो म्हणाला, "ही पेज आहे की साडीला लावायची खळ?" एवढं बोलतानाही त्याला धाप लागत होती, पण वाक्य त्यानं पुरं केलं. माझ्या नवऱ्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. पिशवी घेऊन वळले आणि आमच्या मुलीचा, ईराचा, फोन आला... "आई, बाबा गेले."

आता महिना उलटून गेलाय. भेटायला येणारे त्याच्या विनोदी स्वभावाबद्दल बोलतात, आणि ते खोटं नाही. पुण्याहून नोकरीला आलेली नवी मुलं घर मिळेपर्यंत आमच्याकडेच राहायची. अजित त्यांना भाडेकरार समजावून द्यायचा, हसवायचा, रविवारी स्वतः ऑम्लेटं करून घालायचा. परवा त्याच्या वन-नॉर्थच्या ऑफिसातली मंडळी घरी आली, तेव्हा त्याचा मित्र शिरीष म्हणाला, "ऑस्ट्रेलियाची गंमत आठवते ना, वहिनी?" आणि त्यानं ती अजितच्याच हातवाऱ्यांसकट सांगितली. फोटोसमोर दिवा तेवत होता, तरी सगळे हसले. मीही हसले. पार्ट्यांमध्ये त्या जागी हसायची मला सवयच आहे.

ती गंमत अशी. ईराची पीएसएलई, म्हणजे इथली सहावीची मोठी परीक्षा, संपली त्या डिसेंबरात आम्ही पर्थला गेलो आणि गाडीच्या पाठीवरच घर असलेली कॅरॅव्हॅन भाड्यानं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेला निघालो. पहिले दिवस फार सुरेख गेले. डावीकडे समुद्र, पुढे रस्ता, आणि अजित शीळ घालत गाडी चालवतोय. मग रस्ता आत वळला. लाल माती, गुडघ्याएवढी खुरटी झुडपं, डोळ्यांत शिरणाऱ्या माश्या. एका वळणावर मागचं कपाट धाडकन उघडलं आणि काचेच्या बशा, लोणच्याची बरणी, सगळं खाली. निघताना त्याची कडी लावायचीच, असं अजितनं बजावलं होतं. बिस्किटं काढताना ईरा ती लावायला विसरली होती. मी पाहिलं होतं, आणि मग मीही विसरले.

त्यानं गाडी थांबवली. अगदी हळू आवाजात विचारलं, "कोणी?"

"मी," मी म्हटलं. "राहून गेलं."

"उतर."

मला वाटलं, मागचं दार उघडून काचा काढायला सांगतोय. मी उतरले आणि गाडी निघून गेली.

पायात सपाता. डोक्यावर काही नाही. फोन गाडीत. आधी वाटलं, आत्ता येईल. मग राग आला. मग ओठ चिकटायला लागले आणि रागही गेला. एक भलामोठा लांबलचक ट्रक आला. हात केला असता तर थांबला असता. मी केला नाही. मी इथे दिसले नाही तर अजित किती चिडेल, हा विचार माझ्या मनात आला... त्या उन्हात, पाणी नसताना, हा विचार! आणि गेले असते तरी कुठे? सिंगापुरात राहायचा माझा पास त्याच्या नोकरीवर होता. "लक्षात असू दे," असं तो अधूनमधून सहज म्हणायचा.

तो परत आला तो खिडकीतून फोन बाहेर काढून, माझा फोटो घेत. "काय, तहान लागली?" उंचवट्यापलीकडे गाडी लावून त्यानं निवांत चहा केला होता. ईरा मागे खाली बसली होती. सगळ्या काचा तिनं हातांनीच वेचल्या होत्या आणि रक्ताळलेली बोटं फ्रॉकमध्ये गुंडाळली होती. संध्याकाळी पुन्हा समुद्र लागला, निळाशार. अजित मनसोक्त पोहला. शेजारच्या कॅरॅव्हॅनमधल्या म्हाताऱ्या जोडप्याला त्यानं ती गंमत पहिल्यांदा सांगितली. ईरा पाण्यात उतरली नाही.

गेल्या रविवारी दुपारी ईरा आणि मी त्याची उरलेली औषधं आवरत होतो. ती आता कॉलेजात आहे. एकदम म्हणाली, "आई, ती कडी मी लावली नव्हती."

"माहितीये मला."

"बाबांनाही माहिती होतं."

माझा हात थांबला.

"ते हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा मी त्यांना सॉरी म्हणायला गेले. इतकी वर्षं मला वाटायचं, त्यांना खरं कळलं असतं तर त्यांनी तुला उतरवलं नसतं. तर म्हणाले, अगं, मला आरशात दिसलं होतं. मी विचारलं, मग आईला का? तर म्हणाले, तू घाबरली असतीस. तिला चालतं."

ईरा माझ्याकडे बघत राहिली. मग तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "से समथिंग लाह, आई..."

त्या शेवटच्या महिन्यांत मी त्याला पुसलं होतं, भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं. तिला चालतं.

मी उठून त्याच्या खोलीत गेले. तिथला एसी मी तो गेल्यापासून बंदच केला नव्हता. त्याला लागायचा तसाच, बोटं गारठवणारा. उशीखालून रिमोट काढून बंद केला आणि खिडक्या सताड उघडल्या. बाहेरचा दमट उकाडा हळूहळू आत शिरला, भिंती कोमट झाल्या. पलंगावर हात ठेवून पाहिला. तो झोपायचा तिथली गादी कितीतरी वेळ गारच होती.