तळ्याची क्षमा

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. आमच्याकडे तशीच रीत. मालेगावात वाशीम रोडवर आमचं कापडाचं दुकान आणि दुकानामागे घर. त्या घरात पाण्याचा मान देवाच्या खालोखाल होता. विहिरीतून आलेली प्रत्येक घागर दुहेरी कापडातून गाळायची, आणि कापडात जे बारीक जीव अडकतात ते, म्हणजे जिवाणी, चार थेंब पाण्यासकट परत त्याच विहिरीत हलकेच सोडायचे. वरून ओतायचे नाहीत, जीव आपटतात. मीही जैनाचीच मुलगी, पण पूर्णेकाठची. आमच्याकडे गाळणं खुंटीला आणि पोरं नदीत. सासरी आल्या आल्या मी जिवाणी मोरीत ओतली आणि अशी बोलणी खाल्ली की विचारू नका.

आत्याबाईंचा आणखी एक नियम होता. लग्नाआधी एका साध्वी माताजींसमोर त्यांनी तो घेतला होता. न गाळलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही. नदी नाही, ओढा नाही, तळं नाही. थेंबाथेंबात जीव आहेत, आपण पाय टाकला की ते चिरडतात. मला आधी याचं हसू यायचं, मग राग येऊ लागला. ज्या बाईने जन्मात कधी पाण्यात पाय सोडले नाहीत तिच्या हाताखाली आपली हयात जायची, या विचाराने मी विशीतच म्हातारी झाले होते.

तळ्याची गोष्ट आमच्या घरी आणली ती सीताफळवालीने. डोंगरावरच्या वाडीतून ती टोपलं घेऊन यायची, ओसरीवर टेकायची आणि पाणी पिता पिता वरच्या तळ्याचं वर्णन करायची. "इतकं चूप असते बाई तिथं, का आपलाच सास आपल्याले आइकू येते." आत्याबाई सीताफळं निवडत, पण कान तिकडे. एकदा त्यांनीच विचारलं, "चढ लय हाय काय वो?" मी हे बरोबर टिपलं. दिवाळीची विक्री संपली, सासरे आणि आमचे हे माल आणायला अकोल्याला गेले, आणि मी म्हटलं, "आत्याबाई, चाला. दिवसाउजेडी जाऊ, दिवस बुडाच्या आत घरी येऊ."

त्या नाही म्हणतील असं मला वाटलं होतं. त्यांनी दशम्या बांधल्या, पितळी लोटा घेतला, गाळण्याचं स्वच्छ कापड घेतलं, आणि माझ्याआधी दारात उभ्या राहिल्या.

एस.टी.ने फाट्यापर्यंत गेलो. तिथे आधी सांगून ठेवलेली सीताफळवाली थांबलेली होती, ती पुढे आणि आम्ही मागे. आत्याबाई चढल्या खऱ्या, पण डोंगर त्यांनी पाहिलाच नाही. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून नजर सारखी जमिनीवर. साग गेले, पळस गेले, एक मोर ओरडत बाजूने गेला. यांना फक्त वाटेतली माती दिसली. वाटेत ओढा लागला तेव्हा नऊवारी आवरून त्या एका दगडावरून दुसऱ्या दगडावर अशा काही गेल्या की सीताफळवालीने तोंडाला पदर लावला. मीही हसले. पाय मात्र त्यांनी भिजू दिला नाही.

माथ्यावर पोहोचल्यावर सीताफळवाली आपल्या वाडीकडे वळली आणि आम्ही दोघीच उरलो. आत्याबाईंनी तिथे पहिल्यांदा मान वर केली. चारी बाजूंनी वाळायला लागलेलं गवत, मध्ये तळं, आणि तळ्यात अख्खं आभाळ. कुठे गुरं नाहीत, माणूस नाही, पाखरूही गप्प. त्यांनी हातातला लोटा गवतात टेकवला. मग एवढंच म्हणाल्या, "हे येवढं आपल्याजवळ होतं?"

काठावर वाकून त्यांनी लोटा भरला, पाणी गाळलं, आणि कापड उलटं करून जिवाणी तळ्यात सोडली, बाळाला पाळण्यात ठेवावं तशी. दशम्या खाऊन झाल्या. मी तोवर पोटऱ्यांपर्यंत पाण्यात होते. किती महिन्यांनी माझ्या पायांना पाणी भेटत होतं! मला तो आनंद एकटीला पेलवेना.

"आत्याबाई, या न. घडीभर."

"माहा नियम हाय, पोरी."

"इथं कोन पाह्यते?"

"कोनी पाह्यत नाई तिथंच त नियम लागते."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव असा की नको म्हटलं की जीभ जास्तच चालते. मी म्हटलं, "तुमचा जलम गाळन्यातच जाईन, आत्याबाई. पानी कसं असते ते तुमाले कवा समजन?" माझ्या आईला मी असं बोलले असते तर थोबाडीत बसली असती. आत्याबाईंनी गाळण्याचं कापड घडी करून बाजूला ठेवलं. पाण्याकडे बघत राहिल्या. मग काठावर बसल्या, पातळ वर घेतलं, आणि एक पाय पाण्यात सोडला. मग दुसरा.

"गार हाय वो," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्यांना तसं हसताना कधी ऐकलं नव्हतं. बोटं हलवून त्या पाण्यातले आपलेच पाय बघत होत्या. उन्हं कलेपर्यंत त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

उतरताना मात्र त्यांची नजर परत जमिनीवर होती. नियम मोडल्याचं त्यांना लागलं असणार, असं मी तिथेच धरून बसले.

पुढच्या वैशाखात घरात पहिला आंबा आला. आत्याबाईंनी सगळ्यांना रस वाढला आणि स्वतःच्या वाटीत नुसतं दूध घेतलं. सासऱ्यांनी विचारलं, काहून? "सोडला," त्या म्हणाल्या. "कवापर्यंत?" "जलमभर." आंबा म्हणजे त्यांचा जीव की प्राण, कोय चोखताना त्या लहान पोर व्हायच्या असं सासरेच सांगायचे. प्रायश्चित्त कशाचं ते त्या घरात मलाच तेवढं ठाऊक होतं. मीही आंबा सोडते म्हटलं, तर डोळे वटारून म्हणाल्या, "तू कायले सोडते? खाय चुपचाप." मग दर उन्हाळ्यात त्या स्वतः पिळलेला रस माझ्या ताटात वाढत, आणि मी तो औषधासारखा गिळत असे.

आमच्याकडे सांगतात, पाप तीन वाटांनी लागतं. कृत, कारित आणि अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेलं मनात गोड मानलं, तिन्ही सारखीच. करवणारी मी होते. भाद्रपदात उपासतापासांचं पर्व संपलं की क्षमेचा दिवस येतो. त्या दिवशी लहानमोठं कोणी पाहत नाही, सासूसुद्धा सुनेपुढे हात जोडते. मी दरवर्षी त्यांच्या पाया पडून म्हणायची, "आत्याबाई, तयाचं माफ करा." त्या म्हणायच्या, "केलं, केलं." आणि लगेच दुसऱ्या कामाला लागायच्या. त्यांनी स्वतः मात्र तळ्यावरच्या त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही.

त्यानंतर दुष्काळ पडला, तळी आटली. पुढे चांगले पाऊस झाले. एका दसऱ्याला आत्याबाई ओसरीवर बसून म्हणाल्या, "यंदा पानी लय झालं. डोंगरातले तये भरले असतीन." मी चटकन मान खाली घातली आणि वातींचा विषय काढला. आणखी एकदा म्हणाल्या, "ते सीताफयवाली येत नाई आता. तिची वाट ध्यानात हाय का तुह्या?" मला वाटलं, त्यांना तो दोष टोचतो आहे. मी म्हटलं, "नाई बा, इसरली मी." खोटं बोलले. त्यातला प्रत्येक दगड मला पाठ होता.

तळ्यावर गेल्याला दहा वर्षं होता होता त्यांचे गुडघे गेले. पाय सुजून खांबासारखे झाले. एका श्रावणातल्या दुपारी मी परातीत कोमट पाणी घेऊन त्यांचे पाय शेकत होते. त्या म्हणाल्या, "गरम नोको. गार घे." मी माठातलं पाणी ओतलं. त्यांनी बोटं हलवली, अगदी तशीच, आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "माह्यामुळं तुमचा नियम मोडला. माह्यामुळं आंबा गेला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मोरीत जिवाणी ओतली तेव्हा पाहिलं होतं. "पाय घातले म्हून आंबा नाई सोडला, बाई. पाय घातल्याचं वाईट वाटाले पायजे, त प्रायश्चित्त. मले वाटलंच नाई. लय खटपट केली. जपाले बसली का मन तयावर. इतके वर्स रोज जाऊन येते मी तिथं. त्याच्यासाठी सोडला आंबा."

त्या परातीतल्या पाण्याकडे बघत पुढे म्हणाल्या, "अन तू एकडावबी मनली नाई, चाला म्हून. म्या कोन्या तोंडानं मनू? नियम माहा होता. तू वढून नेलं असतं त आली असती मी."

त्यांचा राग सहन झाला असता. पण त्या साध्या आवाजात बोलत होत्या, पाऊस किती झाला ते सांगावं तसं. ज्या वर्षांत त्यांचे पाय चालत होते ती सगळी वर्षं मी माझ्या पापाला जपत घरात बसले होते. वाट विचारली तेव्हा विसरले म्हणाले होते. तळ्यावर नेल्याची लाज धरली. तिथे परत नेण्याचं मनातही आलं नाही.

त्या वर्षी क्षमेच्या दिवशी मी त्यांच्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, "आत्याबाई, पुन्हा नेलं नाई, तेवढं माफ करा."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बाकी सारं केलं, पोरी," त्या म्हणाल्या. "हे नाई करत मी."